घरची शाळा : काही अनुभव, काही सूचना

मागच्या वर्षी वर्षावासाच्या सांगतेला विहारात पंगती चालू असताना आपल्या संस्थेच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला सर्वांदेखत विचारले, "अहो, तुम्ही बँकेत नोकरीला, बी. ए. झालेले. बाबासाहेब शिका म्हणाले आणि तुम्ही पोराला शाळेतून काढून दोन वर्षं घरी बसवलंत?" आमच्या हातात वरणाची बादली होती, पंगत खोळंबली होती. त्यामुळे त्या वेळी उत्तर देता आले नाही. यंदा स्मरणिकेसाठी मजकूर मागितला गेला तेव्हा म्हटले, तेच उत्तर सविस्तर लिहावे. शिवाय आपल्याच वस्तीत आज तीन घरे अशी आहेत की जिथे मूल आजारपणामुळे किंवा शाळेतील त्रासामुळे घरीच शिकत आहे. त्या आईवडिलांना चार उपयोगाच्या गोष्टी कळाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रश्न विचारणाऱ्यांचा राग आम्हास समजतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालेल्या भिवा नावाच्या मुलाला वर्गात बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागत होते. आमच्या आजोबांना तर शाळेचा उंबराही ओलांडता आला नाही. ज्या दारातून आत जाण्यासाठी तीन पिढ्या झगडल्या, त्या दारातून आपण होऊन बाहेर येणे ही साधी बाब नव्हे. आम्हीही तो निर्णय हौसेने घेतला नव्हता.

आमचा मुलगा अडखळत बोलतो. पहिलीपासून थोडे होतेच, पण पुढे ते वाढले. वर्गात उभे करून धडा वाचायला लावायचे, शब्द अडला की मागच्या बाकावरून नक्कल व्हायची. शिक्षकही हसायचे, हे आम्हाला फार उशिरा कळले. मार्च २०२० मध्ये सगळ्याच शाळा बंद झाल्या आणि मुलगा घरात राहिला. त्या काळात तो आजीशी, आईशी भरभरून बोलू लागला. २०२२ साली शाळा पुन्हा नेहमीसारख्या भरू लागल्या, तसा रोज सकाळी गणवेश घालताना त्याला उलटी होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही दोष नाही. शाळेत जाऊन आम्ही तीन वेळा बोललो. तिसऱ्या वेळी आम्हाला सांगण्यात आले की, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. त्या जूनमध्ये तो पाचवीत जायचा होता. त्याला आम्ही घरी ठेवले.

घर हीच शाळा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. जोतीरावांनी सावित्रीबाईंना आधी घरीच शिकवले. परळच्या डबक चाळीतील एकाच खोलीत सुभेदार रामजी सकपाळांचे सारे बिऱ्हाड होते. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सरपण, तिथेच शेळी. सुभेदार स्वतः रात्री जागत बसायचे, दोन वाजता भीमरावांना उठवायचे आणि मग त्यांच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घरीच पक्की करून घेतली. पण हे सांगताना एक फरक झाकून ठेवणे योग्य नाही. भीमराव दिवसा शाळेत जात होते. घरची शाळा त्या शाळेला जोड होती. आमची शाळेऐवजी होती. म्हणून जबाबदारीही दुप्पट, असे आमचे नम्र मत आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. मुलगी मोठी झाली, धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही, दुकानावर हाताखाली मनुष्य हवा, म्हणून मूल घरी राहत असेल तर त्याला घरची शाळा म्हणू नये. असे घर आपल्या ओळखीचे असेल तर हा लेख त्यांना वाचायला देऊ नका. मुलीला हाताला धरून शाळेत नेऊन बसवा.

आता आमच्या चुका. पहिल्या महिन्यात आम्ही घराची हुबेहूब शाळाच करून टाकली. भिंतीवर सात तासिकांचे वेळापत्रक, पितळी घंटा, हजेरीची वही. सकाळी साडेसहाला मुलगा पाटावर आणि आम्ही समोर खुर्चीवर. पंधरा दिवसांत तो आमच्यासमोरही अडखळू लागला. एके दिवशी भागाकार चुकला म्हणून आम्ही हात उगारला. आमच्या मातोश्री चुलीपाशी होत्या (गॅस आहे, पण भाकरी अजून चुलीवरच लागते). त्या तिथूनच म्हणाल्या, "मंग साळंतून काढलं कशापायी? तिथं काय मारायला मास्तर नव्हते?" त्या दिवशी घंटा माळ्यावर गेली.

त्यानंतर जे जमले ते असे. घरी एकच मूल असते, समोर साठ नसतात. त्यामुळे पाच तासांची गरजच पडत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला रोज दोन-अडीच तासांचा बैठा अभ्यास पुरतो, असा आमचा अनुभव आहे. सकाळी बँकेत निघण्यापूर्वी एक तास आम्ही गणित आणि इंग्रजी घ्यायचो. दुपारी शिलाईचे काम बाजूला ठेवून त्याची आई मराठी आणि परिसर अभ्यास घ्यायची. ती बारावी झालेली आहे. तिला वाटायचे, आपल्याला शिकवता येणार नाही. धडा आधी स्वतः वाचायचा, मुलाने विचारलेले आले नाही तर 'मला येत नाही, आपण दोघं शोधू' असे म्हणायचे, एवढे तिने ठरवले. आम्हा पदवीधराला ते वाक्य म्हणायला सहा महिने लागले.

पुस्तकांचा खर्च फारसा नाही. बालभारतीची सर्व इयत्तांची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तरी छापील पुस्तकेच घ्यावीत, मुलाला हातात पुस्तक लागते. गोष्टींच्या पुस्तकांसाठी आपल्या गावात १८४० सालचे सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचा बालविभाग पाहावा. मोबाईलबद्दल फार लिहीत नाही. धड्यापुरता वडिलधाऱ्यांच्या हातात असावा, एवढेच.

बँकेत दिवसअखेर कॅश जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही. तोच नियम घरी लावला. रात्री जेवणानंतर पाच मिनिटे ताळा करायचा : आज काय नवे कळले, काय अडले, उद्या काय. तारीख घालून त्याने स्वतः तीन ओळी वहीत लिहायच्या. दोन वर्षांत अशा चार वह्या भरल्या. पुढे त्यांचा मोठा उपयोग झाला, ते ओघात येईलच.

गणितासाठी घरातच पुष्कळ साहित्य असते. आईच्या शिलाईच्या टेपवर एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. ३० इंच कंबर म्हणजे किती सेंटिमीटर, हे टेप उलटून पाहिले की ७६ च्या जरा पुढे येते. मग दशांश चिन्ह म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे अपूर्णांक पुस्तकात येण्याआधी कापडावर येतात. साहेबांना विचारून आम्ही रद्द झालेल्या नमुन्याच्या पैसे भरायच्या स्लिपा घरी आणल्या. त्यावर अंकी आणि अक्षरी रक्कम लिहायची, नोटांचे नग मांडून बेरीज जुळवायची. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मोठीमाणसेही घोटाळतात (कॅश काउंटरवर आम्ही रोज पाहतो), तेव्हा मुलांना रागावण्यात अर्थ नाही. घरातील विजेचे मीटर दर रविवारी वाचून मागच्या आकड्यातून वजा करायचे काम त्याच्याकडे दिले. आठवड्याला किती युनिट जळतात हे आता तोच आम्हाला सांगतो, आणि पंखा बंद करायला लावतो.

पण सर्वात जास्त शिकणे जर कुठे झाले असेल तर ते त्रिरश्मी लेण्यांवर. नाशिककरांना ही लेणी पांडवलेणी म्हणून माहीत आहेत. सुट्टीच्या दिवशी सारे जातात, पायऱ्या चढतात, बुद्धमूर्तीसमोर हात जोडतात, फोटो काढतात आणि उतरतात. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. मुलाला इतिहास शिकवायची वेळ आली तेव्हा प्रथमच त्या २४ लेण्यांमधील शिलालेखांत काय लिहिले आहे, ते वाचनालयातून पुस्तक आणून पाहिले.

दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने संघासाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. तिला अक्षयनीवी म्हणत. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ठेव कुठे ठेवली? तर गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. (गोवर्धन नावाचे गाव आजही नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूला आहे.) एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा दरशेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज दरमहा दरशेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

बँकेतील माणूस हे वाचून जागच्या जागी थबकणारच. आम्ही मुलाला लेण्याच्या ओट्यावर बसवले आणि वही काढायला लावली. २००० ला दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. आता भिक्खू २०, प्रत्येकी १२, म्हणजे २४०. व्याज आणि खर्च तंतोतंत जुळले! मुलाने एकदम मान वर केली आणि एकही शब्द न अडता म्हणाला, "पप्पा, यांची कॅश टॅली झाली." दुसऱ्या ठेवीचे गणित घरी जाताना बसमध्ये केले : महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. त्याच लेखात ७०,००० कार्षापणांचाही हिशेब आहे, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असा भाव धरून. भागाकार करून २००० सुवर्ण येतात का हे त्याने दोनदा ताडून पाहिले. ज्या भागाकारावरून आम्ही हात उगारला होता, तोच हा भागाकार.

त्या एका भिंतीवरून सरळव्याज झाले, इतिहास झाला, भूगोल झाला. विणकरांची श्रेणी म्हणजे काय यावरून नागरिकशास्त्रही झाले. घरी येऊन त्याने ब्राह्मी लिपीतील आठ-दहा अक्षरे काढायला शिकून घेतली आणि आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर नाव त्या लिपीत लिहिले. आपल्या वस्तीतील प्रत्येक मुलाला, शाळेत जाणाऱ्यालाही, वही घेऊन एकदा तिथे न्यावे अशी आमची विनंती आहे. फोटो नंतर काढा.

बोलण्याविषयी दोन शब्द. एकट्याने वाचताना अडखळणारे मूल दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवून वाचू लागले की बहुधा अडखळत नाही. गाण्यातही अडखळत नाही. हे आम्हाला वाणीउपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले, पण डोळ्यांसमोर होतेच. विहारात सामुदायिक वंदनेत तो त्रिसरण-पंचशील सर्वांबरोबर सलग म्हणतो. मग रोज रात्री आई आणि तो एकत्र मोठ्याने वाचू लागले. हळूहळू आई आवाज बारीक करत जायची. दुसरा उपाय अचानक सापडला. आमच्या मातोश्री निरक्षर. मुलगा बँकेत आणि आईचा पासबुकावर अंगठा, ही लाज आम्ही वीस वर्षे बाळगली, पण कधी पाटी घेऊन बसलो नाही. नातवाने ते मनावर घेतले. आजीसमोर तो शिक्षक होता, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. आजीचे बोट अडले की तो थांबायचा, त्याचा शब्द अडला की आजी थांबायची. डिसेंबर २०२३ मध्ये मातोश्रींनी पैसे काढायच्या स्लिपवर सही केली. नमुना सही बदलायचा फॉर्म आम्हीच भरला.

आता कागदपत्रांकडे वळतो. हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचावा, कारण आपल्या समाजाला कागद चुकवणे परवडत नाही.

मुलाला काढताना आम्ही रागाच्या भरात शाळा सोडल्याचा दाखला न घेताच घरी आलो. पुढे तो मिळवायला सात महिने हेलपाटे घालावे लागले. असे करू नका. दाखला त्याच आठवड्यात घ्यावा आणि नाव, जन्मतारीख, जात व धर्म यांच्या नोंदी तिथल्या तिथे अक्षर न् अक्षर तपासाव्यात. पुढे जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला प्राथमिक शाळेची नोंद मागतात. जी मुले शाळेत कधी गेलीच नाहीत, त्यांच्या आईवडिलांनी जन्मदाखला आणि स्वतःचे जातीचे व वैधतेचे कागद आधीच एका फाईलला लावून ठेवावेत.

कायदा काय म्हणतो? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. घरी शिकवण्याचा त्यात उल्लेख नाही. पालकांना शिक्षेची तरतूदही नाही. म्हणजे वाट मोकळी आहे असे नाही, पण पोलीस येतील या भीतीचेही कारण नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आमच्या दारी एक शिक्षिका आल्या होत्या. मुलाच्या वह्या पाहून त्या बराच वेळ बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "नोंद मला करावीच लागेल, ताई. पण याला परत आणा." याच कायद्याचे कलम ४ आपल्या फार उपयोगाचे आहे. मध्ये खंड पडलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. जुना दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश अडवता कामा नये. मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे कलम १७ ने मना केले आहे. हे आम्हाला तेव्हा माहीत असते तर ती तिसरी भेट वेगळी झाली असती.

ज्यांना परत शाळेत घालायचेच नाही त्यांच्यासाठी परीक्षेच्या वाटा आहेत. केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या ए, बी, सी अशा तीन पातळ्यांच्या परीक्षा घेते. दहावीला तिथे वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात. एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, विषय सवडीने सोडवता येतात. मराठी माध्यमही आहे. आपल्या राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीची परीक्षा घेते. शिवाय राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगीरीत्या बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म तर सर्वांच्या ओळखीचा आहे. तारखा मात्र दरवर्षी बदलतात, त्या संकेतस्थळावर स्वतः पाहाव्यात. 'सगळे करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

नुकसानही सांगितले पाहिजे. मूल शाळेच्या पटावर नसले की शाळेतून मिळणारी शिष्यवृत्ती नाही; मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीही शाळेमार्फतच मिळते. दुपारचा पोषण आहार नाही. आणि घरातील एका माणसाची कमाई घटते. आमच्या घरी ती त्याच्या आईची घटली. दोन दिवाळ्यांची शिलाईची गिऱ्हाइके तिने सोडली. आम्ही सकाळचा एक तास शिकवून शिक्षक म्हणवून घेत होतो आणि उरलेला दिवस तिच्या अंगावर होता, हे तिने एकदा स्पष्ट सुनावले. त्यानंतर रात्रीची भांडी आमच्याकडे आली. ज्या घरी वडील हे करायला तयार नसतील, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

सवंगड्यांची काळजी अनेक जण करतात. संध्याकाळी पाच ते सात मैदान आणि रविवारी विहारातील बालवर्ग, एवढे न चुकता ठेवले तर मूल एकलकोंडे होत नाही.

जून २०२४ मध्ये मुलगा स्वतःहून म्हणाला की त्याला शाळेत जायचे आहे. आम्ही त्याला जवळच्या महानगरपालिकेच्या शाळेत वयाप्रमाणे सातवीत घातले. मुख्याध्यापकांनी त्या चार वह्या चाळल्या, उषवदाताच्या हिशेबाच्या पानावर थांबले आणि ते पान त्यालाच समजावून सांगायला लावले. तो अडखळला, ते थांबले. मग तो पुढे बोलला. तो अजूनही अडखळतो. पहिल्या सहामाहीत इंग्रजीत कमी पडला, हेही लिहून ठेवतो. एक तासाची आमची इंग्रजी पुरली नव्हती.

त्या तीन घरांशी आमचे बोलणे झाले आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर साडेनऊ ते अकरा आम्ही उभयता विहारातच बसतो. ज्यांना फॉर्म भरायचा असेल, पुस्तके बदलून घ्यायची असतील किंवा नुसतेच बोलायचे असेल, त्यांनी यावे. येताना मुलाचा जन्मदाखला, असल्यास शाळा सोडल्याचा दाखला आणि दोघांच्या छायाप्रती आणाव्यात. मुलालाही बरोबर आणावे. आमचा मुलगा तिथेच असतो.